छप्पन्न लिटरची पेटी आणि माझा उजवा पाय

माझी उंची ५ फूट २ इंच. माझ्या मोटरसायकलच्या सीटची उंची ८३० मिलिमीटर. गाडी चालवणाऱ्यांना एवढ्यावरून सगळं कळलं असेल. इतरांसाठी सांगते, की गाडी थांबली की माझा एकाच पायाचा चवडा टेकतो, आणि तोही बूड जरा डावीकडे सरकवल्यावर. त्यामुळे चढायची पद्धत ठरलेली. गाडी साइड स्टँडवर, डावा पाय फूटरेस्टवर, हँडल धरून उभं राहायचं आणि उजवा पाय मागून, सीटच्या शेपटावरून गोल फिरवून पलीकडे टाकायचा. घोड्यावर चढतात तसं. सहा वर्षं हेच करत आले होते. पायाला आता डोक्याची गरज उरली नव्हती.

मग मी मागे ५६ लिटरचा टॉप बॉक्स, म्हणजे सीटमागे बसणारी कुलपाची पेटी, बसवला. पहिल्याच पहाटे, अजून अंधार होता, उजवा पाय नेहमीच्या वाटेने निघाला आणि पेटीच्या झाकणावर धाडकन आपटला. गाडी स्टँडवरून उजवीकडे डोलली, क्षणभर दोन चाकांवर तोलून उभी राहिली आणि कृपा करून परत डावीकडे आली. मी फूटरेस्टवर एका पायावर, बगळ्यासारखी. नवरा डबलसीट बसायला शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही. फक्त स्वतःच्या हेल्मेटची काच खाली केली.

पेटी घेण्याआधी मी महिनाभर अभ्यास केला होता, हे मुद्दाम सांगते. लिटर मोजले, कुलूप पाहिलं, दोन हेल्मेट आडवी मावतात की उभी ते पाहिलं. पाय कुठून जाणार, एवढंच मोजायचं राहिलं.

त्याआधीची अवस्था काही फार अभिमानाची नव्हती. सुरुवातीला सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये. नऊ किलोची सॅक घेऊन सहा तास गाडी चालवली की मान आणि खांदे दुसऱ्या दिवशी वेगळं राहायला जातात. शिवाय पडलात तर पाठीच्या कण्यावर काय टेकणार, ते सॅकेत शेवटी काय कोंबलंय त्यावर ठरतं. माझ्या सॅकेत शेवटी कोंबलेला असायचा कुलपाचा साखळदंड. मग मागच्या सीटवर बॅग आणि तिच्यावर आकड्यांच्या लवचिक दोऱ्या. त्या दोऱ्या मी अजूनही गाडीच्या आसपास फिरकू देत नाही. त्या ताणतात, म्हणजे बॅग प्रत्येक खड्ड्यात उडते आणि दर वेळी थोडी सरकून बसते. एकदा उतरून पाहिलं तर एक आकडा सुटून दोरी चाकापासून चार बोटांवर लोंबत होती. चाकात गेली असती तर मागचं चाक जागच्या जागी बसलं असतं. दोरी बांधताना आकडा निसटून डोळ्यावर येतो, हे वेगळंच. आता माझ्याकडे बकलचे न ताणणारे पट्टे आहेत आणि प्रत्येक पट्ट्याच्या सुट्या शेपटीला मी गाठ मारते.

तर, पेटी. ती उतरवायच्या आधी चार हजार किलोमीटर ती माझ्या मागे होती. तिच्याबद्दल वाईट बोलायचं तर एक गोष्ट आधी कबूल करायला हवी: पेटीसारखं सुख नाही. थांबलात, झाकण उघडलं, हेल्मेट आत, कुलूप, चालू पडलात. पाऊस आला तरी जीव खाली-वर होत नाही. हे सुख मीही भोगलं. भोगता भोगता त्यात काय काय जात गेलं ते मात्र लक्षात आलं नाही. रिकाम्या जागेला माणसाच्या हाताची ओढ असते. आधी पावसाचा सूट, मग चेनचा स्प्रे, मग हवेचा छोटा पंप, मग ‘असू दे’ म्हणून जास्तीचं जॅकेट. नवऱ्याचं म्हणणं होतं, “अगं, कपाटच घ्यायचं होतं तर भिंतीला लावायचं ना, चाकांवर कशाला?”

एकटीच निघाले होते तेव्हाची गोष्ट. मोकळा, सरळ रस्ता, ताशी ११० किलोमीटरच्या आसपास, बाजूने थोडा वारा. एका मोठ्या ट्रकला मागे टाकून त्याच्या आडोशातून बाहेर आले आणि गाडी कंबर हलवायला लागली. हँडल थरथरत नव्हतं, ते वेगळं असतं. इथे अख्खी गाडी, मागून सुरुवात करून, संथ लयीत डावीकडे-उजवीकडे वळवळत होती, मासा पोहतो तशी. अशा वेळी हात हँडल घट्ट धरू पाहतात आणि पाय ब्रेकवर जाऊ पाहतो. दोन्ही चूक. आपण हँडलला लटकलो की आपल्याच अंगाचे हेलकावे त्यात जातात. ब्रेक मारला तर वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि वळवळ वाढू शकते. मी थ्रॉटल हळूहळू सोडला, टाकीवर वाकले, कोपरं सैल सोडली. ऐंशीला आली तशी गाडी शहाण्यासारखी सरळ झाली. मी झाले नाही. पुढच्या सावलीत थांबून पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

मग पेटीतलं सगळं काढून जमिनीवर मांडलं आणि तेव्हा झाकणाच्या आतल्या जाळीमागे स्टिकर दिसला. कमाल भार १० किलो, कमाल वेग ताशी १२० किलोमीटर. घरी येऊन वजनकाट्यावर उभी राहिले, एकदा रिकाम्या हाताने, एकदा ते सगळं सामान घेऊन. फरक १४ किलो.

चार किलोने एवढं काय होतं? मीही हाच प्रश्न विचारला, आणि मग पट्टी घेऊन गाडीशेजारी बसले. माझ्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर १५५० मिलिमीटर. पेटीचा मध्य मागच्या आसाच्याही मागे, ३५० मिलिमीटरवर. म्हणजे मागचा आस हा टेकू, आणि पेटी तराजूच्या बाहेरच्या टोकाला. १४ किलोला ३५० ने गुणून १५५० ने भागा: पुढच्या चाकावरचं तीन किलोहून जास्त वजन ती पेटी उचलून धरते. मागच्या चाकावर १४ नव्हे, १७ किलो चढतात. पण वळवळीचं खरं दुखणं तेवढंच नाही. गाडी ज्या बिंदूभोवती डावी-उजवी फिरते, त्याच्यापासून सामान जितकं लांब, तितका त्याचा फिरण्याला विरोध वाढतो, आणि तो अंतराच्या वर्गाने वाढतो. दुप्पट लांब ठेवलेलं वजन चौपट त्रास देतं. एकदा हललं की थांबवायलाही तितकंच जड. त्यात ५६ लिटरची पेटी म्हणजे ट्रकने घुसळलेल्या हवेत धरलेली एक पाटी. तेच १४ किलो टाकीवर आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंना असते, तर मला बहुधा कळलंही नसतं.

पेटी बनवणाऱ्यांना हे ठाऊक नसतं असं मुळीच नाही. म्हणून तर तो स्टिकर. ट्रायम्फच्या काही टायगर मॉडेलांवर बाजूच्या पेट्या मुद्दाम थोड्या हलत्या जोडलेल्या असतात, दोन्ही मिळून एका दांड्यावर पाचेक अंशांपर्यंत झुलतात, म्हणजे पेट्यांच्या हेलकाव्यांचा धक्का थेट गाडीच्या सांगाड्याला बसत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, बोल्ट ढिले आहेत.

त्या महिन्यात आणखी एक हिशेब केला. तो खरं तर गाडी घेतली त्या दिवशीच करायचा असतो. मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात: गाडीचं भरल्या टाकीसकट वजन, आणि गाडी सगळ्यांसकट जास्तीत जास्त किती वजनाची असू शकते तो. माझ्या गाडीचे ते २१४ आणि ४०० किलो. फरक १८६. (पेट्रोल न धरता दिलेलं वजन यात घालू नका. १८ लिटरची टाकी म्हणजे तेरा किलोच्या वर.) आता वजाबाकी करत जा. मी ५८, नवरा ७९. दोघांची हेल्मेटं, जॅकेटं, बूट मिळून १५. उरले ३४. वा, असं म्हणून मी ॲल्युमिनियमच्या दोन साइड पेट्या पाहायला लागले होते. रॅक साडेपाच किलो, दोन पेट्या रिकाम्या साडेदहा, टॉप बॉक्स साडेचार, त्याची प्लेट दीड. झाले २२. म्हणजे सव्वाशे लिटरच्या वर जागा, आणि तिच्यात भरायला १२ किलो. जागा विकत घेण्यातच वजन संपलं होतं.

हा आकडा मी एका कागदावर लिहून गॅरेजच्या दाराला चिकटवलाय. त्याच्याकडे बघून टॉप बॉक्सचं काय करायचं ते जवळजवळ ठरलंच होतं, उरलेलं काम रॅकने केलं. पेटी ज्या प्लेटवर बसते तिच्या खालच्या नळीला, वेल्डिंगच्या अगदी कडेला, तांबूस केसासारखी रेघ दिसली. आधी वाटलं, चिखल. नखाने खरवडली, गेली नाही. नखच त्यात अडकलं. रॅक कोणाचा ते सांगण्यात अर्थ नाही. दहाच्या जागी चौदा किलो मी भरले होते आणि रस्ते काही गालिच्याचे नव्हते. पण बोल्ट आवळून एकदा बसवला की विसरलं, असं या सामानाचं नसतं. तेव्हापासून दर हजार किलोमीटरला मी ओल्या फडक्याने रॅक पुसते. निमित्त स्वच्छतेचं, काम भेग शोधण्याचं.

मोटरसायकलवर सामान लावायचा हा उद्योग गाडी बनवणाऱ्यांइतकाच गाडी घेणाऱ्यांनीही वाढवलाय. लांब पल्ल्याची गाडी म्हटली की होंडाची गोल्ड विंग डोळ्यांपुढे येते, तीन-तीन पेट्यांची. पण १९७५ साली ती आली तेव्हा तिच्यावर वाऱ्याची काचही नव्हती नि एक पेटीही नव्हती. लोकांनी घेतली आणि अमेरिकेत क्रेग वेटर यांचं विंडजॅमर फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं आवरण), बाजारातल्या पेट्या, असं काय काय स्वतः बसवत सुटले. कंपनीने ते पाच वर्षं पाहिलं आणि १९८० मध्ये इंटरस्टेट नावाचं मॉडेल काढलं, फेअरिंग नि पेट्या कारखान्यातूनच लावून. इटलीची गिवी ही पेट्यांची कंपनी तर काढली होती एका शर्यतपटूने. ज्युसेप्पे व्हिसेंझी १९६९ च्या ३५० सीसी जागतिक स्पर्धेत तिसरे आले होते, आणि १९७८ साली त्यांनी ही कंपनी सुरू केली. शर्यतीत एकेक ग्रॅम कमी करायला धडपडलेला माणूस पुढे जगाला पेट्या लावत सुटला, याची मला फार गंमत वाटते.

गिवीच्या निमित्ताने एक व्यवहाराची गोष्ट. त्यांच्या मोनोकी आणि मोनोलॉक या दोन पद्धतींच्या प्लेटा वेगवेगळ्या असतात, एकाची पेटी दुसऱ्यावर बसत नाही. इतर कंपन्यांचंही तसंच. जुनी पेटी स्वस्तात मिळाली म्हणून उड्या मारण्याआधी तिच्या पोटाखाली पाहा.

शेवटी मी काय केलं? साइड रॅक, त्याच्यावर कापडी पॅनियर, म्हणजे दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा, आणि मागच्या सीटवर आडवी, बुटकी गुंडाळी बॅग. ॲल्युमिनियमचं मन मोडलं ते तीन कारणांनी. एक, वजन, ते झालं. दोन, रुंदी. झाडूचा दांडा आडवा धरून मोजलं होतं. माझं हँडल टोकापासून टोकापर्यंत ८६ सेंटिमीटर. मनात भरलेल्या पेट्या लावल्यावर मागचा भाग ९९. हँडल जिथून गेलं तिथून आपण गेलो, असं डोकं समजतं, आणि साडेसहा सेंटिमीटर मागून एखाद्या खांबाला भेटतात. सायलेन्सरच्या बाजूचा रॅक आणखी बाहेर असतो, म्हणून तर कंपन्या दोन बाजूंना वेगवेगळ्या मापाच्या पेट्या देतात.

तिसरं कारण पाय. पुन्हा पाय! वाळूत, चिखलात गाडी हळू चालवताना आपण पाय खाली टाकतो. गाडी पुढे जात राहते, पाय जागेवर राहतो आणि मागून येणारी पेटी पोटरीवर चढते. माझ्यासारखीला तर अर्धा पाय टेकवायला आधीच गाडी कलती करावी लागते. कापडी बॅग अशा वेळी दबते. पत्रा दबत नाही. ज्यांचे रस्ते डांबरी आहेत नि टाचा टेकतात त्यांनी पत्र्याच्या पेट्या खुशाल घ्याव्यात, कुलूप तरी लागतं. फक्त कपडे थेट पेटीत ठेवू नका. उघड्या ॲल्युमिनियमवर सामान घासून काळी पूड होते आणि ती धुऊन जात नाही. आत कापडी पिशवी हवीच.

रॅक बसवायला मी एक दुपार ठेवली होती. दीड दिवस गेला. यात दोष कोणाचा नाही, माझ्या उत्साहाचा आहे. रॅक तीन ठिकाणी धरतो: वर मागच्या पकडायच्या दांड्याखाली दोन बोल्ट, खाली डबलसीटच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला एक, आणि मागे चाकाच्या वरून जाणारी आडवी पट्टी, जी दोन्ही बाजूंना एकमेकींशी बांधते. मी डावी बाजू घेतली, पहिला बोल्ट लावला आणि पान्याने कचकून आवळला. दुसरा आवळला. तिसरं भोक चार मिलिमीटर बाजूला. ढकललं, ओढलं, गुडघा लावला. मग वाटलं, रॅकच वाकडा आलाय, आणि तक्रारीचं पत्रसुद्धा मनात लिहून झालं. रॅक वाकडा नव्हता. सगळे बोल्ट आधी हाताने, दोन-दोन आटे बसतील एवढेच फिरवायचे असतात, दोन्ही बाजूंचे आणि आडव्या पट्टीचेही. सगळी भोकं एकमेकांसमोर आली की मगच आवळायचं, तेही थोडं-थोडं, आळीपाळीने. सगळे ढिले केले तर रॅक स्वतःहून जागेवर येऊन बसला. आडवी पट्टी नाही लावली तरी चालेल असं तिच्याकडे बघून वाटतं. तिच्यावाचून दोन्ही नळ्या दोन वेगवेगळ्या दिशांना फडफडतात.

तेवढ्यात बारा मिलिमीटरचा एक स्पेसर, म्हणजे बोल्टावर घालायची अंतर राखणारी नळी, सुटून सीटखालच्या प्लास्टिकच्या पोकळीत गेला. गाडी हलवली की आतून खुळखुळ्यासारखा आवाज. चुंबक फिरवून पाहिलं, लागेना, कारण स्पेसर ॲल्युमिनियमचा. सीट, बॅटरीचं झाकण, टूलकिटचा डबा असं उतरवत गेले आणि तासाभराने तो निघाला टेललाइटच्या वायरींमागून. त्याच्यासोबत दोन वर्षांपूर्वी हरवलेली दहा नंबरची ॲलन की.

स्पेसरमुळे मूळ बोल्ट आखूड पडतात, म्हणून किटमध्ये लांब बोल्ट येतात. ते मोजून लावा. बोल्टची जाडी जितकी, निदान तितकी लांबी आट्यात जायला हवी, आणि समोर ॲल्युमिनियम असेल तर दीडपट. फार लांब झाला तर तो आत कशाला टेकतो तेही पाहायचं, कारण तिकडे बहुधा वायर असते. बोल्टांना निळं थ्रेडलॉकर (बोल्ट आपोआप सुटू न देणारा गोंद) लावलं, लाल नाही, कारण हे सगळं पुन्हा कधीतरी मलाच सोडवायचंय. एम८ च्या बोल्टाला कागदावर २२ न्यूटन-मीटर लिहिलं होतं तेवढंच टॉर्क रेंचने दिलं. ‘अजून अर्धा फेरा’ हा माझ्या मनगटाचा जुना आजार आहे, आणि आटे तुटण्याची बहुतेक प्रकरणं त्यातूनच होतात. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत पाहिले. एक थोडा फिरला. इंडिकेटर रॅकच्या आड जात होते, ते लांब ब्रॅकेटने मागे घेतले.

सायलेन्सरच्या बाजूला मी शहाणपणा करायला गेले. बॅग आणि सायलेन्सर यांच्यात तीन बोटं अंतर दिसलं, म्हटलं पुष्कळ. रिकाम्या बॅगेचं अंतर होतं ते. भरल्यावर बॅगेचं पोट खाली येतं, आणि मागचं सस्पेन्शन दबलं की सगळंच हलतं. दुसऱ्या दिवशी बॅगेच्या खालच्या कोपऱ्याला तळहाताएवढा चकचकीत, कडक डाग होता, आणि आतल्या पावसाळी पँटचा एक पाय दुसऱ्याला कायमचा चिकटलेला. आता रॅकच्या नळीला पत्र्याचं कवच आहे, आणि अंतर मोजायचं ते गाडीवर दोघं बसून, बॅगा भरून, तिसऱ्या माणसाने.

सामान लागलं म्हणजे गाडी तयार झाली असं नाही. मागचं चाक हवेत असताना आसापासून शेपटाच्या एका खुणेपर्यंत अंतर होतं ६१२ मिलिमीटर. मी बसले की ५६१, म्हणजे ५१ मिलिमीटर दबली. मागच्या सस्पेन्शनची एकूण चाल १६० मिलिमीटर आहे, तिचा साधारण तिसरा हिस्सा. छान. सामान टाकलं तर ५४०. म्हणजे मागचं बूड खाली, तोंड वर, हँडल हलकं, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. प्रीलोडचा, म्हणजे मागची स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारा, स्क्रू पाच फेरे फिरवल्यावर ५५६ आले, तिथे थांबले. दोघं आणि सामान असेल तर मॅन्युअलप्रमाणे मागच्या टायरची हवा ३६ वरून ४२ पीएसआय, टायर थंड असताना. मग चेनचा ढिलेपणा पाहायचा, कारण गाडी दबली की चेन ताणते, आणि सगळ्यात शेवटी भिंतीवर हेडलाइट.

साइड स्टँडचंही एक आहे. प्रीलोड न वाढवता सामान लादलं, तर गाडी मागे दबून स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा धक्क्याने उजवीकडे जाऊ शकते. माझ्या त्या पहिल्या पहाटेच्या डोलण्यात पायाइतकाच याचाही हात होता, हे वर्षभराने कळलं. तेव्हापासून भरलेल्या गाडीच्या फूटरेस्टवर उभं राहून चढणं मी सोडलं. एवढं सगळं वजन अधिक माझं, त्या एका लोखंडी पायावर घालवत नाही.

भरताना मी आता घरातला वजनकाटा आणि प्रवासी बॅगा टांगून मोजायचा छोटा काटा, दोन्ही जवळ ठेवते. हत्यारं, पंक्चरचं सामान, पाणी: पॅनियरमध्ये तळाला, पुढच्या कोपऱ्यात, आपल्या टाचांजवळ. डाव्या-उजव्या बॅगेत अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक नको, असा माझा नेम आहे. लिटर किती हे पाहत नाही, उजवी बॅग आतल्या कवचामुळे तशीही लहान आहे. मागच्या गुंडाळी बॅगेत फक्त मऊ आणि हलकं: झोपायची पिशवी, कपडे. तिचं तोंड तीनदा दुमडून बकल लावायचं. दोनदा दुमडलं तर पाणी शिरतं, प्रयोग झालेला आहे. ही दुमडायची युक्ती लोकप्रिय केली जर्मनीच्या ऑर्टलीबसारख्या कंपन्यांनी, १९८२ पासून, आणि ती आधी सायकलवाल्यांसाठी होती. ट्रकवर घालतात तसल्या ताडपत्रीची पिशवी, शिवण नाही, झिप नाही. पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या पेटीत पाणी कसं शिरतं ते मला आधी कळत नव्हतं. उन्हात पेटी तापते, आतली हवा फुगून थोडी बाहेर पडते. मग पाऊस पडतो, पेटी थंड होते, आतली हवा आकसते आणि रबराच्या कडेवर साचलेलं पाणी घोटभर आत ओढून घेते. माझ्या टॉप बॉक्सच्या तळाशी दोन चमचे असायचं. नेमकं पासपोर्टच्या कोपऱ्यात.

नवऱ्याची एक तक्रार उरली होती. पॅनियर इतके पुढे सरकवले की त्याच्या टाचा त्यांना लागत होत्या. तो पाय बाहेर वळवून बदकासारखा बसायचा. बॅगा चार सेंटिमीटर मागे घेतल्या. माझा तराजू बिघडला, त्याचे पाय सुटले. घरातल्या तडजोडी कुठेतरी मोजता येतात, हेच खूप. आणि ५६ लिटरची पेटी गॅरेजमध्ये आहे. तिच्यात जास्तीचे पट्टे, उरलेले बोल्ट, तडकलेल्या रॅकची प्लेट आणि ती चिकटलेली पँट आहे. भरून वाहतेय.

उजव्या पायाला मात्र नवी वाट शिकवावी लागली. आता मी जमिनीवर उभी राहते, पुढचा ब्रेक दाबते, गुडघा छातीपर्यंत उचलते आणि पाय मागून न फिरवता सीटवरून सरळ पलीकडे ढकलते. दोन आठवडे रोज संध्याकाळी रिकाम्या गाडीवर सराव केला. मागची बॅग २० सेंटिमीटरच उंच ठेवते, तरी थकलेली असले की बुटाची टाच तिला घासून जातेच. बॅगेच्या डाव्या टोकाला, वरच्या कडेवर, तेवढीच जागा आता गुळगुळीत झाली आहे, आणि बाकीच्या बॅगेवर धूळ बसते तशी तिथे बसत नाही.